डब्याला काम शोधताना

गणपतीआधी घर झाडायला काढलं की आमच्याकडे एक वाद ठरलेला. माळ्यावरचा कॉम्प्युटर ठेवायचा की टाकायचा? भाऊ मुंबईहून फोनवर सांगतो, देऊन टाका. अण्णा, म्हणजे माझे वडील, ऐकून न ऐकल्यासारखं करतात. मग कोणीतरी त्यावर गोणपाट टाकतं आणि वर्ष निघून जातं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मात्र भंगारवाला खरोखरच दारात येऊन उभा राहिला. कॅबिनेट हातात तोलून म्हणाला, "सगळ्याचे मिळून तीनशे." अण्णा पडवीत माटवीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या छताच्या, दोऱ्यांचा गुंता सोडवत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "त्यात माझे हिशोब आसत."

भंगारवाला गेला आणि मी कॅबिनेट उचलून माजघरात आणलं. अण्णांचं वाक्य मी तेव्हाच नीट ऐकलं असतं तर पुढचे दोन महिने वाचले असते. पण माझ्या डोक्यात त्या डब्याचे भलतेच मनसुबे सुरू झाले होते.

मशीन २००९ सालचं. भावाच्या डिप्लोमासाठी कणकवलीहून जुळवून आणलेलं. पेंटियम ड्युअल कोअर ई५३००, १ जीबी डीडीआर२ रॅम, १६० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज एक्सपी आणि १७ इंची काचेचा मॉनिटर, जो तेव्हाही दोघांनी धरून आणावा लागला होता. एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला बंद झाले, पण आमच्या गावात ती बातमी कोणाला? अण्णा पुढचे दोन हंगाम त्यावर आंब्याचा हिशोब लिहीत होते. २०१६ च्या पावसाळ्यात तो चालूच होईना, तेव्हा माळ्यावर गेला.

समुद्र आमच्या घरापासून सरळ रेषेत अर्धा किलोमीटर. खारा वारा लोखंडाचं काय करतो ते इथे खिडकीच्या गजांवर दिसतं, तेच कॅबिनेटच्या स्क्रूवर दिसलं. दोन स्क्रू फिरेचनात. खोबरेल तेलाचा थेंब सोडून रात्रभर ठेवले, सकाळी एक निघाला, दुसऱ्याचं डोकं तुटलं. पत्रा सरकवला तर आत संसार. एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, पंख्याच्या जाळीत कुंभारमाशीने मातीची तीन घरं बांधलेली, तळाशी पालीच्या अंड्यांची फुटकी टरफलं आणि प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीचा असा थर की बोटाने उचलला तर वाकळीच्या तुकड्यासारखा अख्खा निघाला. काकी, शेजारची, वाकून बघत म्हणाली, "काय गो, ह्यां काय मांडलंस? मेलो तो डबो."

एसएमपीएस मी उघडला नाही. त्यातले वीज साठवणारे कपॅसिटर प्लग काढल्यावरही बराच वेळ भरलेले असू शकतात आणि शॉक जोरदार बसतो. कुंभारमाशीची माती बाहेरूनच काडीने फोडून, रंगाच्या कोरड्या ब्रशने झाडून काढली. मग प्रोसेसरवरचा पंखा उतरवला. खालची, प्रोसेसरची उष्णता वर नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, ती पुसून नवी लावली, तांदळाच्या दाण्याएवढी. हे सगळं करून मोठ्या उमेदीने बटण दाबलं. पंखा फिरला, आणि थांबून थांबून लांब बीप, बीप, बीप. पडद्यावर काही नाही.

लांब बीपचा अर्थ बहुतेक वेळा रॅम. पट्टी काढून बघितली तर खालच्या सोनेरी कडेवर काळपट झाक आलेली. भाचीच्या कंपासपेटीतला पांढरा खोडरबर घेऊन ती कड दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने घासली, चुरा फुंकून टाकला, पट्टी दोन्ही खिट्ट्या 'टक' म्हणेपर्यंत बसवली. या वेळी एकच छोटा बीप आला आणि मॉनिटरवर आधी हिरवट, मग नीट अक्षरं उमटली. आठ वर्षांनी! अण्णा दारात येऊन उभे होते, ते मला नंतर कळलं.

तारीख दाखवत होता १ जानेवारी २००९. बोर्डावरचा बटणासारखा सेल संपला की असं होतं. हा सीआर२०३२ सेल ३ व्होल्टचा, देवगडात घड्याळाच्या दुकानात ३० रुपयांना मिळाला. किरकोळ वाटतं, पण तारीख चुकली की ब्राउझर एकही साइट धड उघडत नाही. सुरक्षा प्रमाणपत्रांना मुदत असते आणि २००९ मध्ये बसून आजचं प्रमाणपत्र तपासलं तर ते अजून जन्मालाच आलेलं नसतं. असा 'नेट चालत नाही' म्हणून बाजूला टाकलेला एखादा कॉम्प्युटर तुमच्याकडे असेल, तर आधी उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ बघा.

पुढची खरेदी एका कणकवली फेरीत झाली. दुरुस्तीवाल्याकडून जुन्या डीडीआर२ च्या २ जीबीच्या दोन पट्ट्या, ८०० रुपये. या जी३१ जातीच्या मदरबोर्डाला दोनच खाचा आणि ४ जीबीच्या पुढे तो जात नाही, त्यामुळे निवडायला फार काही नव्हतंच. १२० जीबीची नवी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, ११०० रुपये. बंद पडलेल्या सायबर कॅफेतला साडेअठरा इंची एलसीडी, १२०० रुपये. सेल, पेस्ट धरून ३१९० रुपये झाले. यातला एकच खर्च करायचा असेल तर एसएसडीचा करा. रॅमने जेवढा फरक पडला त्याच्या कितीतरी पट एसएसडीने पडला. एक्सपीच्या काळात बटण दाबून चहा ठेवायला जायचो. आता चहाचं आधण तापायच्या आत मशीन तयार असतं.

काचेच्या मॉनिटरचं काय करायचं हा प्रश्न मात्र सुटलेला नाही. त्याच्या काचेत शिसं असतं, तो फोडून तांबं काढून उरलेलं पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात, टाकणारे लोक मी पाहिलेत, त्यामुळे भंगारात द्यायचा धीर होत नाही. गोठ्याच्या माळ्यावर प्लास्टिकात बांधून ठेवलाय.

विंडोज १० घालावी असं भावाचं मत होतं. पण तिचीही मुदत १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंतच होती आणि विंडोज ११ तर या जुन्या प्रोसेसरला पत्करतच नाही. मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट या फुकट प्रणालीची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती घेतली. ती ४ जीबीत सुखाने राहते. पेनड्राइव्ह तयार केला, लावला, आणि मशीनने त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जावं तर यूएसबी कीबोर्ड तिथे चालेना. शेवटी माळ्यावरून जुना जांभळ्या गोल पिनेचा कीबोर्ड शोधून आणला, तो बायोसला लगेच कळला, आणि 'यूएसबी एचडीडी' पहिल्या नंबरावर नेऊन ठेवल्यावर गाडी सुरू झाली. जुन्या मशीनवर काम करायचं तर जुना कीबोर्ड फेकू नये.

एक गोष्ट मी केली तिचं मला अजून बरं वाटतं. इन्स्टॉल करताना जुन्या १६० जीबीच्या डिस्कची केबल काढून ठेवली. इन्स्टॉलर डिस्कची नावं एसडीए, एसडीबी अशी दाखवतो आणि 'पुसून टाकू का?' विचारतो. रात्री साडेअकराला, डोळ्यांवर झोप असताना, ए आणि बी मध्ये कोणाचीही गल्लत होईल. जी डिस्क जोडलेलीच नाही ती पुसलीही जाणार नाही.

आता मशीन तयार होतं आणि काम नव्हतं.

पहिला मनसुबा मोठा होता. घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमधले फोटो आपोआप येऊन पडतील असा घरचा सर्व्हर, चोवीस तास चालू. आठवड्यात मांडूनही झाला. मग अण्णांनी विचारलं, "ह्याका वीज किती लागता?" मला सांगता येईना. आमच्या मीटरवर ३२०० इम्पल्सला एक युनिट असं लिहिलेलं आहे, म्हणजे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. एका दुपारी फ्रीजसकट घरातलं सगळं बंद केलं, मॉनिटरही बंद, फक्त कॅबिनेट चालू. मी मोबाइलवर वेळ लावली आणि अण्णा मीटरसमोर खुर्ची टाकून मोजायला बसले, हातात तांदळाचे दाणे, दर लुकलुकीला एक दाणा वाटीत. दहा मिनिटांत ३७ दाणे. तासाला २२२ धरले तर साधारण ७० वॅट. चोवीस तासांचे जवळपास पावणेदोन युनिट, महिन्याचे ५० च्या आसपास. आमचं बिल शंभर युनिटांच्या आत राहतं. हा डबा त्याला थेट पुढच्या स्लॅबमध्ये घेऊन गेला असता. अण्णांनी दाणे परत डब्यात टाकले. सर्व्हर त्याच दिवशी मिटला.

त्यातून वीज इथे चोवीस तास असते असंही नाही. मे महिन्यात वळवाचा आणि ऑक्टोबरमध्ये परतीचा गडगडाट सुरू झाला की आम्ही टीव्हीचा प्लगच नव्हे, छत्रीची वायरसुद्धा काढून ठेवतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्यालगत सरकत गेलं तेव्हा माड तारांवर पडून आमची वीज कितीतरी दिवस गेली होती. चोवीस तास चालू राहण्यावर ज्याचं काम अवलंबून आहे असलं यंत्र इथे ठेवणं म्हणजे खाडीच्या तोंडावर वाळूचं घर बांधणं.

दुसरा मनसुबा: पडवीत मोठ्या पडद्यावर काकी आणि मंडळींना भजनं, दशावतार दाखवायचे. दहा मिनिटांत पंखा भोंग्यासारखा ओरडायला लागला आणि संकासुर अडखळत अडखळत नाचू लागला. आजचे व्हिडिओ ज्या पद्धतीने दाबून भरलेले असतात, ते उलगडायची सोय २००९ च्या ग्राफिक्समध्ये नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो. व्हिडिओची प्रत ४८० वर उतरवली की चालतं. पण काकीच्या हातातला मोबाइल त्याहून चांगलं दाखवतो, तर ती पडवीत कशाला येईल? तिसरा मनसुबा मुलांचे शैक्षणिक खेळ. वाडीतली पोरं दोन दिवस आली, तिसऱ्या दिवशी विहिरीवर पोहायला गेली. त्यांचं बरोबरच होतं.

नोव्हेंबरात मशीन परत गोणपाटाखाली जायच्या बेतात होतं, तेव्हा जुन्या डिस्कची केबल जोडली. उद्देश एवढाच की भावाचे कॉलेजचे फोटो असतील तर काढून घ्यावेत. लिनक्सने डिस्क निमूट उघडली. एका फोल्डरचं नाव होतं 'अण्णा'. आत २००९ ते २०१६ पर्यंतच्या वर्डच्या ४३ फायली. एक उघडली. पानभर रोमन अक्षरं, कोणाच्या डोक्यावर टिंबं, कोणाच्या शेपटीला आकडे, मधेच पौंडाची खूण. अण्णांना हाक मारली. त्यांनी चष्मा सारखा केला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "ह्यां माझां न्हय."

त्यांचंच होतं. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, घरोघरी पोचण्याआधी मराठी टायपिंग असंच चालायचं. फाइलीत अक्षरं रोमनच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचा वेष चढवतो. दशावतारात रात्री राजा असलेला माणूस सकाळी पेटारा डोक्यावर घेऊन चालताना दिसतो ना, तसं. वेष उतरला की तोच माणूस, पण ओळखू येत नाही. कणकवलीच्या दुकानदाराने तेव्हा मशीनमध्ये शिवाजी नावाचा फॉन्ट टाकून दिला होता आणि अण्णा सात वर्षं त्यातच लिहीत होते. फॉन्टची फाइल त्याच जुन्या डिस्कवर, विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये, पडून होती. ती उचलून नव्या मशीनच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाकली, लिब्रेऑफिस, म्हणजे वर्डसारखं लिनक्सवरचं साधन, बंद करून पुन्हा उघडलं. पानावर अक्षरं आली: 'हापूस, पहिली तोड. गोठ्याकडचे कलम. पाच डझनी पेट्या ४.'

अण्णा उभ्याउभ्या वाचायला लागले, मग खुर्ची ओढली. कुठल्या कलमाचे किती डझन, वाशीला कधी गाडी गेली, भाडं किती, गवत, पेंढा, खोके, फवारणीला कोण होतं, दलालाची पट्टी कधी आली. मधेच हिशोबाशी संबंध नसलेल्या ओळीही होत्या. 'आज मोहोर काळा पडला. रात्री धुके.' 'वानर १४.' आईच्या आजारपणाचा एक महिना नुसत्या तारखा होत्या, पुढे काही नाही. तिथे ते थांबले नाहीत, पान खाली सरकवलं.

हे काम मशीनला पहिल्या दिवसापासून सांगितलेलं होतं. मलाच ऐकू आलं नव्हतं.

सगळ्या ४३ फायलींच्या आधी पीडीएफ केल्या, म्हणजे फॉन्ट असो नसो, वाचता येतील. मग त्या युनिकोडमध्ये आणायला घेतल्या. याला रूपांतर करणारी साधनं मिळतात आणि ती बरंच काम उरकतात, पण अडतात नेमकी मराठीच्या खोडींवर. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी दिसते तशी आधी टाइप व्हायची आणि अक्षर नंतर. युनिकोडमध्ये अक्षर आधी, वेलांटी मागून. रफाराचं नेमकं उलट, जुन्या फॉन्टात तो अक्षरामागून, युनिकोडमध्ये अक्षराआधी. त्यामुळे 'किती' ची वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसायची आणि 'खर्च' चा रफार पुढच्या शब्दावर उडी मारायचा. प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावी लागते. मी चार फायली केल्या आणि कंटाळले. अण्णा म्हणाले, माका दाखव.

७४ वर्षांच्या माणसाला इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा कीबोर्ड शिकवणं अवघड जाईल असं मला वाटलं होतं. उलट, त्याची मांडणी त्यांना पटली. स्वर, काना, मात्रा, वेलांट्या डावीकडे, व्यंजनं उजवीकडे. "म्हणजे बाराखडीच दोन हातांत वाटून दिली," म्हणाले. मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायचं त्यांना कधी जमलं नाही, कारण 'के' दाबल्यावर 'क' का यावा हेच त्यांना मान्य नाही. इथे 'के' वर 'क' आहेच, पण तो योगायोग आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. आधी मी मार्करने अक्षरं लिहून दिली, ती घामाने आठवड्यात गेली. मग छापील स्टिकर मागवले.

अडले ते एकाच ठिकाणी, 'कैऱ्या' वर. साधा र, हलन्त आणि य दाबला की 'र्य' होतो, रफार वर जाऊन बसतो, कैऱ्यांच्या 'कैर्या' होतात. ते बघून त्यांचा संताप व्हायचा. आंबेवाल्याला कैऱ्या लिहिता येऊ नयेत म्हणजे काय! त्यासाठी मराठीचा वेगळा, खाली टिंब असलेला र आहे, शिफ्ट धरून 'जे'. मग हलन्त, मग य. शिफ्ट-जे, डी, आणि पूर्णविरामाशेजारची कळ. हे सापडलं त्या दिवशी त्यांनी कैऱ्या, पायऱ्या, सुपाऱ्या, दोऱ्या, पऱ्ह्या असे पानभर शब्द टाइप करून ठेवले. ती फाइल अजून आहे, 'र' नावाची.

दिनक्रम आता ठरलाय. दुपारी तीन ते साडेचार अण्णा मशीनवर. एक जुनी फाइल दुरुस्त करायची, आणि हंगाम असेल तर चालू हिशोब लिब्रेऑफिसच्या कॅल्क या हिशोबाच्या तक्त्यात भरायचा. रकान्यांत कलमांना नंबर द्या, बेरीज सोपी जाईल, असं मी सुचवलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. 'विहिरीवरचा', 'गोठ्याकडचा', 'वाकडा', 'काकीच्या गडग्याचा' अशीच नावं चालतात, आणि नावावरून बेरीज करणारं सूत्रही त्यात बसतं, तेव्हा हट्ट माझाच चुकीचा होता. दीड तासाची वीज महिन्याला तीन-चार युनिट, मॉनिटर धरून पाच. पावसाळ्यात काम नसलं तरी रोज तासभर चालू ठेवायचा, म्हणजे आतली दमट हवा सुकते. वर गोणपाटाऐवजी आता जुन्या धोतराचं पान असतं, हवा खेळणारं. संध्याकाळी ढग गडगडले की अण्णा स्वतः उठून प्लग काढतात.

साडेचारनंतर भाची येते, ती त्याच कीबोर्डवर टायपिंगचा सराव करते. गेल्या महिन्यात काकी बचत गटाची वही घेऊन आली. "माझो पण हिशोब घाल गो तेच्यात," म्हणाली. डबो मेलो म्हणणारी हीच. मी तिला अण्णांकडे पाठवलं. तिची बेरीज सतरा रुपयांनी चुकत होती, दोघं तासभर भांडत होते आणि चूक वहीत निघाली.

मशीन किती दिवस टिकेल याची मला खात्री नाही. बोर्डावर प्रोसेसरशेजारच्या एका कपॅसिटरची टोपी थोडी फुगलेली आहे. परवा दिवाळीच्या साफसफाईत पाहिली तेव्हा आणखी फुगल्यासारखी वाटली. कणकवलीचा दुरुस्तीवाला म्हणतो, बदलून देतो, घेऊन या. तोवर दर शनिवारी सगळ्या फायली दोन पेनड्राइव्हवर उतरवतो. एक माझ्याकडे असतो. दुसरा अण्णांनी गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत ठेवलाय, सोबत औषधांतून जमवलेल्या ओल शोषणाऱ्या पुड्या, आणि बाटलीवर इनस्क्रिप्टमध्ये टाइप करून, छापून चिकटवलेली चिठ्ठी: 'आंबा. टाकू नये.'